आलेला मेल राहतो कुठे?

मागच्या व्याख्यानात आपण पाठवलेला मेल कोणत्या वाटेनं प्रवास करतो ते पाहिलं. ते संपल्यावर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, मी फोनवरून मेल पुसला की घरच्या कॉम्प्युटरवरूनही तो जातो. माझ्या थोरल्या भावाकडे मात्र फोनवर पुसला तरी कॉम्प्युटरवर राहतो. दोघांची मेल कंपनी एकच. मग असं का?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांना आज यायला सांगितलं. ते आलेले दिसतात. आजचा विषय म्हणजे त्यांचाच प्रश्न.

माझं शिक्षण तत्त्वज्ञानातलं, आणि नोकरीची बहुतेक वर्षं तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे एखादं विधान ऐकलं की ते केव्हा खरं आणि केव्हा खोटं, हे तपासण्याची खोड लागलेली आहे. आपण अगदी सहज म्हणतो, 'माझा मेल माझ्या फोनमध्ये आहे.' हे विधान काही लोकांच्या बाबतीत खरं असतं, काहींच्या बाबतीत साफ खोटं असतं, आणि आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण आपल्या वयाच्या लोकांची मुलांची पत्रं, पेन्शनचा पत्रव्यवहार, डॉक्टरांचे अहवाल, सोसायटीची भांडणं, सगळं त्या पेटीत असतं. पेटी आपल्या घरात आहे की परक्याच्या, एवढं तरी माहीत असावं.

सुरुवात आगमनापासून करू. समजा, नाशिकहून तुमची भाची तुम्हाला मेल पाठवते. तिच्या बाजूचा सर्व्हर तुमच्या पत्त्यातल्या 'ॲट' चिन्हाच्या उजवीकडचा भाग वाचतो आणि इंटरनेटच्या नामसूचीत विचारतो, 'या नावाचं टपाल कोण स्वीकारतं?' तिथे एक नोंद असते, तिला एमएक्स म्हणतात. ती सांगते की अमुक यंत्राकडे जा. मग भाचीचा सर्व्हर त्या यंत्राच्या २५ क्रमांकाच्या दारावर टकटक करतो आणि दोघांचं संभाषण सुरू होतं. हे संभाषण साध्या मजकुरात, ओळीओळीनं चालतं: मी अमुक, अमुककडून पत्र आहे, अमुकला द्यायचं आहे, आता मजकूर देतो. मजकूर संपला हे कसं कळवायचं? एका ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. टिंब पोचलं की समोरचा सर्व्हर उत्तर देतो, २५०.

हा २५० चा आकडा महत्त्वाचा आहे. रजिस्टर पत्रावर आपण सही करतो, तशी ती सही आहे. २५० म्हटलं की जबाबदारी पाठवणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेली. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या व्यवहाराचे नियम आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत तर स्पष्टच म्हटलं आहे की एकदा स्वीकारलेला संदेश क्षुल्लक कारणानं हरवू द्यायचा नाही. २५० मिळालं नाही तर भाचीचा सर्व्हर पत्र स्वतःकडे रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण ४-५ दिवस. तरीही जमलं नाही तर 'पत्र पोचलं नाही' असं तिला कळवतो. म्हणजे पत्र अधांतरी नसतं. कुणाच्या तरी गळ्यात असतंच. मला या नियमाचं फार कौतुक वाटतं. एकमेकांना न ओळखणारी दोन यंत्रं एका आकड्यावर जबाबदारीची देवाणघेवाण करतात. आपल्या कचेऱ्यांमध्ये 'फाइल कुणाच्या टेबलावर आहे' हे विचारून पाहा. (हशा)

आता पत्र तुमच्या बाजूच्या सर्व्हरवर पोचलं. ते तिथेच का थांबतं, थेट तुमच्या घरी का येत नाही? कारण तुमचं यंत्र बंद असू शकतं. पोस्टमनला दार उघडणारं कुणी नसेल तर पत्र पोस्टातच ठेवावं लागतं. पण अगदी सुरुवातीला ही अडचण नव्हती, कारण 'घर' आणि 'पोस्ट' एकच होतं. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिज इथे रे टॉमलिन्सन यांनी दोन यंत्रांमध्ये पहिला संदेश पाठवला, तेव्हा एक मोठं यंत्र अनेक माणसं वापरत. प्रत्येकाच्या नावाची एक फाइल त्या यंत्रावर असे, तीच टपालपेटी. इतरांना त्या फाइलच्या शेवटी भर घालता येई. आधीचं वाचता किंवा खोडता येत नसे. आपल्या दारावरची पत्रपेटीही तशीच असते, वरच्या फटीतून टाकता येतं, काढता येत नाही. वाचायला तुम्ही त्याच यंत्रासमोर बसत होतात. म्हणजे 'मेल आणणं' ही क्रियाच नव्हती.

ही एक लांबलचक फाइल पुढे युनिक्स यंत्रांवर रूढ झाली. तिला एमबॉक्स म्हणतात. सगळी पत्रं एकाखाली एक, कीर्दखतावणीच्या वहीसारखी. मग एक पत्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कसं ओळखायचं? नियम असा की ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा दिसली की नवं पत्र सुरू. पण समजा, कुणी पत्राच्या मजकुरातच एक ओळ 'फ्रॉम'नं सुरू केली तर? वाचणारा प्रोग्राम समजेल की नवं पत्र आलं, आणि एका पत्राचे दोन तुकडे होतील. म्हणून सर्व्हर अशा ओळीआधी एक बाणाचं चिन्ह घालत असे. जुन्या इंग्रजी मेलमध्ये 'फ्रॉम'च्या आधी उगाच एक बाण दिसतो, तो इथला.

तर्कशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात आम्ही सांगतो की शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाचा उल्लेख करणं वेगळं. 'पुणे मुठेच्या काठी आहे' यात पुणे हा शब्द वापरला. 'पुणे दोन अक्षरी आहे' यात त्याचा उल्लेख केला. मुलांना हा भेद म्हणजे प्राध्यापकांचा चाळा वाटतो. एमबॉक्समध्ये तोच गोंधळ यंत्राला झाला. खूण म्हणून आलेला 'फ्रॉम' कोणता आणि मजकुरातला कोणता, हे त्याला कळेना. अवतरणचिन्हाचं काम त्या बिचाऱ्या बाणावर पडलं.

एमबॉक्सची दुसरी अडचण व्यवहारातली आहे. वही एक आणि हात दोन. तुम्ही जुनं पत्र खोडत आहात आणि त्याच क्षणी सर्व्हर नवं पत्र लिहितो आहे, तर वही बिघडणार. म्हणून कुलूप लावावं लागतं, एकानं लिहिताना दुसऱ्यानं थांबायचं. कुलूप नीट लागलं नाही तर नुकसान. १९९० च्या दशकात डॅनियल बर्नस्टाइन या गणिती प्राध्यापकानं यावर वेगळा मार्ग काढला, मेलडिर. वही फाडून सुटे कागद केले. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, आणि तीन कप्पे: टेंप, न्यू आणि कर. येणारं पत्र आधी टेंपमध्ये पूर्ण लिहायचं, पूर्ण झालं की न्यूमध्ये सरकवायचं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामनं पाहिलं की करमध्ये. सरकवणं ही क्रिया यंत्राच्या दृष्टीनं अखंड असते, म्हणजे ती एक तर होते किंवा होत नाही, अर्धवट राहत नाही. वीज गेली तरी अर्धं पत्र तुमच्या पेटीत येणार नाही, ते टेंपमध्ये पडून राहील. करमधल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एकेक अक्षर जोडतात: वाचलं असेल तर एस, उत्तर दिलं असेल तर आर. पत्राची स्थिती पाकिटावर लिहिलेली असते, आत हात लावायला नको.

मोठ्या कंपन्यांकडे आज याहून गुंतागुंतीची कोठारं आहेत, एकाच पत्राच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. त्यात शिरत नाही. पण मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली. १९९२ साली आलेल्या माइम या नियमांनी इतर लिप्या आणि चित्रं वगैरे पाठवण्याची सोय झाली. ती एका युक्तीनं. तीन बाइट घ्यायचे आणि ते चार इंग्रजी अक्षर-अंकांत लिहायचे. या युक्तीला बेस-६४ म्हणतात. तुम्ही जोडलेला फोटो म्हणूनच सर्व्हरवर मूळच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त जागा खातो. देवनागरीची गंमत अशी की आजच्या प्रचलित पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह नेमके तीन बाइट घेतं, म्हणजे बेस-६४ मध्ये त्याची नेमकी चार अक्षरं होतात. 'क' लिहिलात तर सर्व्हरवर '४ के एस व्ही' अशी चार अक्षरं पडतात, सगळी रोमन. देवनागरीतलं कोणतंही चिन्ह घ्या, सुरुवात '४ के'नंच होणार. मध्ये मोकळी जागा आली की घडी सरकते, पण मजकुराच्या पहिल्या शब्दापुरतं हे अगदी ठरलेलं. ही '४ के' पुढे एका ठिकाणी आपल्या उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

पत्र आलं, ठेवलं. आता ते तुमच्यापर्यंत आणायचं. १९८० च्या दशकात माणसांच्या टेबलावर स्वतःची छोटी यंत्रं आली. ती दिवसभर चालू नसत, जाळ्याला कायमची जोडलेली नसत. तेव्हा 'घर' आणि 'पोस्ट' वेगळे झाले. १९८४ साली जॉइस रेनल्ड्स यांनी पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल मांडला, संक्षेपात पॉप. पॉपची तिसरी आवृत्ती १९८८ ची, आणि तीच आजही चालते. नावातच कल्पना आहे. पोस्टात जायचं, आपलं नाव सांगायचं, टपाल घ्यायचं आणि घरी यायचं. पोस्टानं तुमच्यासाठी गोदाम चालवावं अशी अपेक्षा नाही.

पॉपचं संभाषण इतकं छोटं आहे की ते आपण इथे करूनच पाहू. मी अमुक. हा माझा पासवर्ड. किती पत्रं आहेत? सर्व्हर सांगतो, ३. पहिलं दे. देतो. पहिलं खोड. ठीक. दुसरं दे. याप्रमाणे. शेवटी 'क्विट', म्हणजे निघतो. यात एक बारकावा आहे. 'खोड' म्हटल्यावर सर्व्हर लगेच खोडत नाही, फक्त खूण करतो. खरं खोडणं होतं ते 'क्विट' म्हटल्यावर. मधेच फोनची लाइन तुटली तर सगळ्या खुणा रद्द, पत्रं जशीच्या तशी. पुढच्या वेळी कदाचित तेच पत्र दुसऱ्यांदा येईल. दोनदा आलेलं चालेल, एकदाही न आलेलं चालणार नाही, असा निर्णय ज्यांनी केला त्यांना माझा नमस्कार.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना पॉपची गरज समजावून सांगायला नको. मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाज, टेलिफोनचं मीटर पळतंय, घरातलं कुणी तरी ओरडतंय की फोन मोकळा करा. अशा वेळी लाइन जोडायची, पत्रं ओढून घ्यायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायची. सर्व्हरवरची जागाही मोजकीच. पत्रं उचलली नाहीत तर पेटी भरून नवी परत जात. पॉप म्हणजे त्या काळाचा शहाणपणा.

पॉपमध्ये गृहीत काय होतं ते पाहा. वाचणारा एक, त्याचं यंत्र एक. एवढंच नव्हे, तुम्ही पॉपनं पेटी उघडली की ती तुमच्यापुरती कुलूपबंद होते, त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावरून उघडता येत नाही. घरी एक यंत्र आणि कॉलेजात एक झालं की पंचाईत. घरी ओढलेली पत्रं कॉलेजात दिसत नाहीत. यावर तोडगा म्हणून 'प्रत सर्व्हरवर राहू द्या' अशी सोय आली. पण वाचलं की नाही, उत्तर दिलं की नाही, हे पॉपला सांगताच येत नाही. त्याच्या भाषेत ते शब्दच नाहीत.

दुसरा विचार १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी केला. पत्रं आणायचीच नाहीत. ती सर्व्हरवरच राहू द्यायची आणि दुरून वाचायची. यालाच आयमॅप म्हणतात. आयमॅपमधल्या पहिल्या 'आय'चा मूळ अर्थ 'इंटरिम' होता, म्हणजे तात्पुरता. (हशा) पुढे तो बदलून 'इंटरॲक्टिव्ह' झाला, मग 'इंटरनेट' झाला. तात्पुरती व्यवस्था चाळीस वर्षं टिकते याचा अनुभव सरकारी शाळेच्या पत्र्याच्या वर्गांत शिकलेल्यांना आहेच.

आयमॅपमध्ये तुमचा फोन सर्व्हरला विचारतो, नवीन काय? सर्व्हर आधी फक्त कुणाकडून, कधी, विषय काय, एवढं देतो. तुम्ही उघडलं तर मजकूर. जोडलेल्या तीन फाइलींपैकी दुसरीच हवी असेल तर दुसरीच. प्रत्येक पत्राला एक कायमचा क्रमांक असतो, आणि खुणा सर्व्हरवर ठेवल्या जातात: वाचलं, उत्तर दिलं, महत्त्वाचं, मसुदा, खोडायचं. म्हणून फोनवर वाचलेलं पत्र कॉम्प्युटरवरही वाचलेलं दिसतं. १९९७ मध्ये त्यात आणखी एक सोय आली, आयडल नावाची. फोन सर्व्हरला म्हणतो, मी थांबलोय, काही आलं तर हाक मार. हातातला फोन मेल आल्याबरोबर वाजतो तो याच प्रकारच्या सोयींमुळे.

खोडण्याची रीत इथेही दोन पायऱ्यांची आहे. आधी 'खोडायचं' ही खूण, मग 'एक्स्पंज' म्हणजे साफ करा ही वेगळी आज्ञा. काही जुन्या प्रोग्रामांत पुसलेल्या पत्रावर आडवी रेघ दिसायची आणि ते यादीतच राहायचं. लोक चिडायचे. ते पत्र खुणेच्या आणि सफाईच्या मधल्या अवस्थेत असे. आजचे प्रोग्राम ही अवस्था लपवतात आणि पत्र कचरापेटीत हलवतात. प्रत्येक कंपनीचा रिवाज थोडा वेगळा, पण कचरापेटीला मुदत असते हे धरून चाला. जीमेलमध्ये ती ३० दिवसांची आहे.

आता जिन्यातला प्रश्न. 'राम राम' यात शब्द किती? कुणी म्हणेल एक, कुणी म्हणेल दोन. दोघंही बरोबर. प्रकार म्हणून शब्द एक, उच्चार म्हणून दोन. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं हा भेद नावं देऊन मांडला. मेलचंही तसंच आहे. पत्र एक, प्रती अनेक. आणि कागदाच्या पत्रासारखं इथे 'हे मूळ, बाकी नकला' असं काही नसतं. प्रत्येक प्रत अक्षरशः सारखी. मग मूळ कोणती? ज्या प्रतीला व्यवस्था मूळ मानते ती. पॉपमध्ये पत्र घरी आलं की घरची प्रत स्वतंत्र झाली, सर्व्हरचं तिच्यावर काही चालत नाही. आयमॅपमध्ये सर्व्हरवरची प्रत हे बिंब, आणि तुमच्या फोनवर, कॉम्प्युटरवर दिसतं ते प्रतिबिंब. वेदान्तातला दृष्टान्त आहे हा, पण इथे आरसा जरा चमत्कारिक आहे. साध्या आरशातल्या प्रतिबिंबाचं कुंकू पुसता येत नाही. इथे प्रतिबिंबाला हात लावला की बिंबाचं पुसलं जातं, आणि मग बाकीच्या सगळ्या आरशांतलंही.

तुमचा फोन आणि तुमचा कॉम्प्युटर, दोन्ही आयमॅपवर आहेत. तुमच्या भावाचा फोन आयमॅपवर असेल, पण कॉम्प्युटर बहुधा जुन्या पॉपच्या मांडणीवर राहिला आहे. त्यांनी फोनवर पुसलं की सर्व्हरवरून गेलं, पण कॉम्प्युटरनं आधीच घरी आणलेल्या प्रतीला धक्का लागला नाही. कंपनी एकच, पण दरवाजे दोन.

हा भेद किती महाग पडू शकतो ते सांगते. माझ्या ओळखीचे एक संशोधक होते, तंजावरच्या मोडी कागदपत्रांवर काम करणारे. चार वर्षांपूर्वी वारले. त्यांचा मेल पत्नीच्या फोनवरही दिसत असे. फोनची जागा भरली म्हणून भाच्यानं मदत करायला म्हणून फोनवरचे जुने मेल निवडून पुसून टाकले. हेतू चांगला होता. 'फोनमधून काढतोय, सर्व्हरवर राहतील' अशी त्याची समजूत. दोन महिन्यांनी बाईंना कळलं की कुठेच काही नाही. कचरापेटीची मुदतही उलटून गेलेली.

माळ्यावर मात्र त्यांचा जुना डेस्कटॉप होता, २०१२ मध्ये गुंडाळून ठेवलेला. त्याची डिस्क एका मुलाकडून वाचून घेतली. त्यात एक मोठी फाइल सापडली. साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडली तर 'फ्रॉम'नं सुरू होणाऱ्या ओळी, आणि त्याखाली पानंच्या पानं '४ के एस', '४ के डब्ल्यू'ची रांग. बाई म्हणाल्या, हे तर सगळं खराब झालंय. ते खराब नव्हतं, ते मराठी होतं. एमबॉक्स वाचणारा एक मोफत प्रोग्राम बसवल्यावर २००४ ते २०१२ ची आठ वर्षांची पत्रं तारखेवार समोर आली. त्या काळात ते पॉप वापरत होते, म्हणून घरची प्रत स्वतंत्र होती. त्यानंतर त्यांनी स्मार्टफोन घेतला, सगळं आयमॅपवर गेलं, आणि ती नंतरची वर्षं गेली. अगदी सगळी नाही. पत्राची एक प्रत पाठवणाऱ्याच्या 'सेंट' कप्प्यात असते, आणि उत्तरांखाली मूळ मजकूर चिकटलेला असतो. ज्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता त्या पाच-सहा जणांना बाईंनी विनंती केली. त्यांतल्या दोघांनी आपल्याकडचं सगळं परत पाठवलं. एकानं तर त्यातल्या नोंदींची सूचीही करून दिली.

यावरून कुणी म्हणेल, मग पॉपच बरं. तसं नाही. डेस्कटॉपची डिस्क वाचली नसती तर ती आठ वर्षंही गेली असती. एकाच ठिकाणची प्रत, मग ते ठिकाण घर असो की सर्व्हर, धोक्याचीच. आणि इथे एक शब्द फसवतो, 'सिंक'. लोकांना वाटतं, फोन, टॅब आणि लॅपटॉप अशा तीन ठिकाणी मेल दिसतो म्हणजे तीन प्रती झाल्या. प्रतिबिंबं कितीही झाली तरी बिंब एकच. तीन आरसे लावले म्हणून माणसं तीन होत नाहीत.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग आम्ही नेमकं काय करायचं?)

रोजच्या कामासाठी आयमॅपच ठेवा. एकाहून जास्त यंत्रं वापरणाऱ्याला दुसरा मार्ग नाही. पण वर्षातून एकदा आपल्या मेलची सुटी प्रत काढून घ्या, जी कुणाचंही प्रतिबिंब नाही. गूगलची 'टेकआउट' नावाची सोय आहे, ती सगळा मेल एका फाइलमध्ये देते. फाइल कोणत्या प्रकारची, तर एमबॉक्स. फिरून तीच जुनी वही. ती पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि दुसरी प्रत मुलांपैकी कुणाकडे. थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रामही पत्रं एमबॉक्समध्येच ठेवतो, त्यात ती उघडता येते. नातवंडांना दिवाळीच्या सुट्टीत हे काम सांगा, अर्ध्या तासाचं आहे.

(प्रश्न: माणूस गेल्यावर खातं किती दिवस राहतं?)

कंपनीगणिक वेगळं. गूगलचा २०२३ पासूनचा नियम असा की सलग २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात. त्यांच्याकडे 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. आपण ठरवलेल्या मुदतीत खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि आपण परवानगी दिली असेल तर मेल उतरवून घेता येतो. बँकेत नॉमिनी लावतो, तसंच हे. नोकरीच्या ठिकाणचा पत्ता असेल तर मात्र तो संस्थेचा, निवृत्तीबरोबर जाऊ शकतो. त्यातली घरगुती पत्रं आधीच काढून घ्यावीत.

(प्रश्न: सर्व्हरवरची पत्रं कंपनीवाले वाचू शकतात का?)

तुमच्या यंत्रापासून सर्व्हरपर्यंतची वाट आज सहसा कुलूपबंद असते. पण ते कुलूप वाटेचं. सर्व्हरवर पत्र पोचलं की ते ज्यांचं यंत्र त्यांना, तांत्रिकदृष्ट्या, सहसा वाचता येतं. ते वाचतात की नाही हा धोरणाचा आणि कायद्याचा भाग. पाकिटावरच वेगळं कुलूप लावायच्या पद्धती आहेत, पण त्यासाठी समोरच्याकडेही किल्ली हवी. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, पुढच्या महिन्यात घेऊ.

(प्रश्न: माझं पॉप आहे की आयमॅप, हे ओळखायचं कसं?)

फक्त ब्राउझरमध्ये मेल उघडत असाल तर दोन्ही नाही, तुम्ही थेट कंपनीच्या घरात जाऊन वाचता. खोडण्याच्या बाबतीत ते आयमॅपसारखंच समजा. फोनवर कंपनीचं स्वतःचं ॲप असेल तरी तसंच. कॉम्प्युटरवर वेगळा मेलचा प्रोग्राम असेल तर त्याच्या अकाउंट सेटिंगमध्ये 'इनकमिंग सर्व्हर' शोधा. तिथल्या नावाची सुरुवात बहुधा 'पॉप' किंवा 'आयमॅप' अशीच असते. नावावरून कळलं नाही तर शेजारी पोर्टचा आकडा पाहा: ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. पॉप निघालं तर तिथेच खाली 'प्रत सर्व्हरवर ठेवा' या चौकटीत खूण आहे का तेही बघा. आणि थोरल्या भावांच्या मशिनवर आधी बघा, त्यांची जुनी पत्रं बहुधा तिथेच आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत.